व्याह्याच्या गळ्यातला न सुकणारा हार

माझ्या एकुलत्या एका मुलीच्या साक्षगंधात (म्हणजे साखरपुड्यात) मी तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना, ते चांगले धडधाकट समोर बसलेले असताना, स्वर्गवासी करून टाकलं.

हे मी मुद्दाम केलं नाही. (मुद्दाम केलं असतं तर इतकं नीट जमलं नसतं.) दोष द्यायचाच तर फुलांना द्या, आफ्रिकेला द्या, नाहीतर माझ्या मोबाइलला द्या. आमचे हे म्हणतात, त्या तिघांना सोड आणि आरशात पाहा. पण नवऱ्याचं सगळंच ऐकायचं म्हटलं तर संसार कसा व्हायचा!

तर झालं असं. दिग्रसला आमचं घर आहे, पुढे बऱ्यापैकी अंगण. हे शाळेत विज्ञान शिकवायचे, निवृत्त झाले. मागोमाग मीही कचेरीतून सुटले. मुलगी रेवा नागपुरात नोकरीला. घरात उरली दोन माणसं. ह्यांनी पेपर धरला, मी मोबाइल धरला आणि बागांचे व्हिडिओ पाहायला लागले. त्यात एक परदेशातली बाई होती, डोक्यावर सुपाएवढी टोपी घातलेली. ती म्हणायची, बाग अशी पाहिजे की तिला माणसाचा हात लागलाय असं वाटताच कामा नये. रांगा नकोत, वाफे नकोत, जसं माळावर आपोआप उगवतं तसं उगवलं पाहिजे. मला एकदम पटलं. म्हटलं, आपला स्वभावच मुळात असा आहे!

तिच्याच बागेत मी ते फूल पाहिलं. आफ्रिकेच्या डोंगरातली डेझी. सोन्यासारखी पिवळी, पाकळ्या कागदासारख्या कडक. थंडी सोसते, ऊन सोसते, पाणी मागत नाही, खत मागत नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे तोडल्यावरसुद्धा सुकत नाही. वर्षानुवर्षं तशीच्या तशी!

"म्हणजे तुझ्या रागासारखी," हे पेपरामागून म्हणाले.

मी लक्ष न देता बी मागवलं. पाकीट आलं. पाकिटावर डोंगराचा फोटो, उतारभर पिवळी फुलं, मागे धुकं. आत चिमूटभर बी. डोंगर पाकिटात नव्हता, तो मला आणावा लागला. आमची जमीन काळीभोर, कापसाची, पाणी धरून ठेवणारी. त्या फुलांना हवी भिकारी जमीन. मग मी ट्रॉलीभर मुरूम आणि गोटे आणून अंगणात टाकले.

"लोकं जन्मभर शेतातले गोटे वेचून बाहेर फेकतात," हे म्हणाले, "आणि तू बाहेरचे आत आणून राह्यली."

दसरा झाल्यावर मी पेरणी केली. पेरणी म्हणजे काय, मुठीत बी घेतलं आणि डोळे मिटून भिरकावलं. मध्ये मध्ये गवत पाहिजे होतं, म्हणून माळावरून कुसळीचे ठोंब आणून तेही लावले. गवत लावलं! कापूसवाल्यांच्या आमच्या मुलखात हे दोन शब्द एकत्र आजवर कोणी उच्चारले नसतील. इथे गवत उपटतात, निंदतात, जाळतात, शिव्या घालतात. शेतात तण दिसलं की त्या घरात भांडण चालू आहे, नाहीतर दारू चालू आहे, असं लोकं खुशाल समजतात.

शेजारच्या कमलकाकू कुंपणापाशी आल्या. काकूंचं सारं आयुष्य कापसाची पऱ्हाटी निंदण्यात गेलेलं.

"ज्योती, काय करून राह्यली वं?"

"गवत लावते आहे, काकू."

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं, ठोंबाकडे पाहिलं. मग कुंपणाच्या कडेकडेनं ओसरीपर्यंत गेल्या आणि हळू आवाजात (म्हणजे बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा) ह्यांना म्हणाल्या, "मास्तर, बाईले डॉक्टरले दाखवलं का?"

पण पौषात फुललं हो! एका सकाळी ऊन आलं आणि त्या गोट्यांमधून, कुसळीच्या काड्यांमधून पिवळं पिवळं चमकायला लागलं. हात लावला की पापडासारखं कुरकुरायचं. मी चहा घेऊन पायरीवर बसून राहायची आणि मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. ह्यांनीसुद्धा एकदा कबूल केलं, "दिसतं बरं." आमच्या ह्यांच्या तोंडून 'बरं' निघणं म्हणजे इतरांनी फटाके फोडण्यासारखं आहे. एकट्या कमलकाकूंनी मान्य केलं नाही. "चार फुलं आले म्हनून तण काई पीक होत नाई," असं म्हणून त्यांनी मला निंदायला बाई पाठवायचा निरोप तीनदा दिला.

इकडे हे चाललं असताना तिकडे रेवानं तिचं जमवलं. मुलगा अविनाश, तिच्याच ऑफिसातला. ढाणकीजवळच्या तांड्यावरचा. त्याच्या वडलांचं ढाणकीत कृषी केंद्र (बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान), तांड्यावर शेती. आमचं घराणं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टेबलामागे बसून कागद खरडणारं. त्यांचं घराणं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालणारं, आणि आता घट्ट पाय रोवून शेती करणारं. मला आणि ह्यांना पोरगा आवडला होता, आमचं काही म्हणणं नव्हतं. पण दोन्हीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांचं होतं. आमच्या काकांनी 'पाहा बुवा' असं म्हणून ठेवलं होतं, आणि तिकडच्या मामांनी तेच त्यांच्या भाषेत म्हणून ठेवलं होतं.

रेवाचा फोन आला. "आई, अविनाशचे आईबाबा रविवारी घर पाहायला येऊन राह्यले. दोन्हीकडचे लोकं टपूनच बसले आहेत, कुठे काय चुकते म्हणून. एकदा मन दुखलं तर मग हे काही जुळत नाही. तू फक्त एक कर. काही नवीन करू नको."

"मी कधी काय नवीन केलं?"

"अंगणातले गोटे," रेवा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी आले. अविनाशचे वडील हरसिंगभाऊ, उंचेपुरे, पांढरा शर्ट, भरघोस मिशी आणि आवाज एकदम मऊ. आई सोनाबाई, ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या, हसरी. रेवा नागपूरहून अविनाशबरोबर आली होती. सोनाबाई आल्या आल्या माझा हात धरून आत आल्या. हरसिंगभाऊ मात्र फाटकातच थांबले. त्यांनी माझी बाग पाहिली. गोटे पाहिले. कुसळी पाहिली. त्यांच्या तोंडावर जे भाव आले ते मी एकदाच पाहिले आहेत, माझ्या सासूबाईंचा एक्स-रे पाहताना डॉक्टरांच्या तोंडावर.

"भाऊसाहेब," ते ह्यांना हळूच म्हणाले, "इकडे मजूर भेटत नाई का?"

"भेटतात की."

"मंग?"

"मंग काय," ह्यांनी उसासा टाकला, "घरची मालकीण ऐकत नाही."

हरसिंगभाऊंनी समजूतदारपणे मान हलवली. बिचाऱ्यांना वाटलं नवराबायकोत बोलणं बंद आहे आणि त्यापायी अंगण बुडालं!

आत आलूपोहे झाले, चहा झाला. माझं आणि सोनाबाईंचं असं जमलं की जणू एकाच शाळेत होतो. त्या मला ज्वारीच्या भाकरीत काय घालायचं ते सांगत होत्या, मी त्यांना माझ्या गुडघ्याबद्दल सांगत होते. मध्येच हरसिंगभाऊ "जरा पाय मोकळे करतो" म्हणून उठले. माणूस गाडीत आखडला असेल, असं मला वाटलं. थोड्या वेळानं बाहेरून आवाज यायला लागला. खस्स. खस्स. खस्स. मला वाटलं, गाय शिरली असेल, हे हाकलतील. हे बाहेर गेले. परत आले ते दातांनी खालचा ओठ घट्ट धरून.

"ज्योती, बाहेर ये. पण ओरडायचं नाही. तुला रेवाची शपथ आहे."

मी बाहेर आले. आणि पाहते तर काय! हरसिंगभाऊंनी बूट काढून पायरीशी नीट जोडून ठेवले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. माझंच खुरपं हातात घेऊन ते उकिडवे बसून सरसर पुढे सरकत होते, आणि त्यांच्या मागे अर्ध्याहून जास्त अंगण तळहातासारखं साफ झालं होतं. साफ! उपटलेल्या झाडांच्या मुळांची माती झटकून, पेंढ्या बांधून त्यांनी एका ओळीत लावल्या होत्या. पेंढ्यांच्या टोकांना माझी सोन्यासारखी फुलं. माझी आफ्रिका, गठ्ठे बांधून तयार!

"ताई," ते प्रेमानं हसले, "खुरपं दिसलं, म्हनलं बसल्या बसल्या निंदून टाकतो. गाडीत औषध होतं, फवारलं बी असतं, पन तुमची तुयस जळली असती. म्हनून हातानंच काढलं. सोयरिकीच्या घरी रिकामं बसाले बरं नाई वाटत मले."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर ओरडणार कसं? तुळस जळू नये म्हणून जो माणूस पाहुणा आलेला असताना उन्हात उकिडवा बसतो, त्याला काय बोलायचं! मागे रेवा माझा दंड धरून उभी होती. तिची नखं मला लागत होती.

"अगंबाई," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच तो. "किती... किती मोकळं झालं हो!"

"राह्यलेलं बी काढून टाकतो."

"नको!!"

सगळे दचकले. झाडावरचा कावळा उडाला.

"म्हणजे... तुमचा दुसरा चहा थंड होईल ना."

तेवढ्यात कुंपणावरून कमलकाकूंचं तोंड वर आलं. "बरं केलं वो भाऊ! चार महिन्यापासून सांगून राह्यली मी. ऐकतच नव्हती!"

पाहुणे खुशीत गेले. जाता जाता गाडीत हरसिंगभाऊ मुलाला म्हणाले म्हणे (हे अविनाशनं नंतर सांगितलं), "मानसं लय चांगले हाय. जरा आळशी हाय, पन दिलाचे साफ हाय." सोयरीक पक्की झाली. साक्षगंध आमच्या अंगणात करायचं ठरलं, कारण अंगण आता रिकामंच होतं.

पाहुणे गेल्यावर मी पायरीवर बसून रडले. खरंच रडले. हे शेजारी बसले, मग उठून स्वतः चहा करून आणला. त्यात साखर घालायला विसरले, पण मी तसाच प्यायले.

पेंढ्या मागच्या अंगणात पडून होत्या. फेकायला माझं मन होईना. आणि पुढच्या काही दिवसांत माझ्या लक्षात आलं की झाडं वाळून काड्या झाली, पण फुलांना काही म्हणता काही झालेलं नाही. तशीच पिवळी, तशीच चमकणारी! मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्या आनंदाच्या भरात मला एक कल्पना सुचली. इथून पुढचं सगळं माझं.

मी रेवाला फोन लावला. "व्याहीभेटीला अविनाशच्या आईबाबांच्या गळ्यात आपल्या बागेतल्या फुलांचे हार घालायचे. कधीच न सुकणारे! नातं कसं, कायमचं!"

"आई, झेंडू."

"झेंडू तर सगळेच घालतात गं."

"म्हणून तर झेंडू!"

"त्यांच्याच हातची फुलं त्यांच्याच गळ्यात. ते किती खूश होतील!"

"आई, त्यांना सांगू नको की ते तण नव्हतं. अविनाशचे बाबा भलते लाजाळू आहेत, जिवाला लावून घेतील."

"मी कशाला सांगते!"

शेवटी तह झाला. नवरानवरीचे हार गुलाबाचे, ते रेवा नागपूरहून आणणार. व्याही-विहिणीचे हार माझे. मग मी चष्मा लावून बसले. ती फुलं ओवणं म्हणजे पापडाला सुई टोचण्यासारखं काम. दहांतलं एक मोडायचं. ह्यांनी एकदा हार हातात घेऊन कानाशी नेला, हलवला, खर्रर्र वाजला.

"ज्योती, मी एकदाच म्हणतो. एकदा विचार कर."

"तुम्हाला सौंदर्यदृष्टी नाही."

"ते खरं आहे," म्हणून हे पेपर वाचायला गेले.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, खुर्च्या. तांड्यावरून दोन गाड्या भरून मंडळी आली. त्यांच्यात तांड्याचे नायक होते, म्हणजे तांड्यातले सगळ्यात मानाचे. वय झालेलं, डोक्याला पांढरा फेटा, आणि ते खुर्चीत बसले की बाकीचे आपोआप हळू बोलायचे. आमच्याकडून ते 'पाहा बुवा'वाले काका पहिल्या रांगेत. मी हळदीकुंकवाचं ताट आणि हारांची परात कमलकाकूंच्या ताब्यात दिली आणि साडी बदलायला आत गेले.

आता काकूंची काय चूक? हारवाल्याकडे हार कसे असतात? ओले. वरून पाणी शिंपडलेले, तजेलदार. काकूंनी परातीतले हार पाहिले आणि त्यांना माझी दया आली. "माय, बिचारीचे फुलं पार वाळून गेले!" म्हणून त्यांनी तांब्याभर पाणी शिंपडलं, वरून ओलं फडकं झाकलं आणि एक पुण्याचं काम केल्याच्या समाधानात बसल्या.

या फुलांची एक रीत आहे. ओल लागली की ती पाकळ्या मिटून घेतात. डोंगरात पाऊस आला की आतल्या बियांना जपतात म्हणे. व्हिडिओत त्या टोपीवालीनं हे सविस्तर सांगितलं होतं. मी तेवढ्यापुरती दूध उतू जाईल म्हणून उठले होते.

"व्याहीभेट! व्याहीभेट!" कोणीतरी पुकारलं. हरसिंगभाऊ उभे राहिले. आमचे हे उभे राहिले. मी परात पुढे केली आणि फडकं काढलं. सोनं गायब! सगळी फुलं मुठी आवळून बसलेली, बाहेरून तपकिरी. परातीत वाळल्या बोरांच्या दोन माळा पडल्या होत्या.

ह्यांनी हाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे?"

सगळे पाहत होते. दुसरा हार होता कुठे!

"घाला," मी म्हटलं.

ह्यांनी घातला. खर्रर्र.

मांडवातल्या साऱ्या माना हाराकडे वळल्या. नायकांनी खिशातून चष्मा काढला, लावला, हरसिंगभाऊंच्या छातीकडे वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेवढ्यात कमलकाकूंचा आवाज आला, आणि काकू हळू बोलल्या तरी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

"माय वो! असाच हार आमच्या ह्यांच्या फोटोले हाय!"

हरसिंगभाऊंचा हात हाराकडे गेला आणि तिथून परत आला. माणूस लाजाळू, काढावा तरी पंचाईत, ठेवावा तरी पंचाईत. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आमी तांड्यावरचे म्हनून वाळेल फुलं का बाप्पा?" ते थट्टेत म्हणालेलं नव्हतं. आमच्या काकांनी घसा खाकरला, 'पाहा बुवा'ची तयारी म्हणून. सोनाबाईंचं हसू गेलं होतं. आणि रेवानं मान खाली घातली. ती रडत नव्हती, नुसती जमिनीकडे पाहत होती. त्या क्षणी मला वाटलं की मला उचला आणि मुरमाच्या ढिगात पुरून टाका. एका पोरीचं सुख माझ्या हातात दिलं होतं आणि मी त्याला दोरा ओवून बसले होते!

मग मी खुलासा करायला उभी राहिले. (ह्यांनी माझा पदर ओढला होता. मी तो सोडवून घेतला.)

"तसं नाही हो! फार खास फूल आहे हे! हे कधीच सुकत नाही!"

"म्हनून तं फोटोले घालतात," काकूंनी मला पाठिंबा दिला.

"अहो, तसं नाही! किती वर्षं झाली तरी असंच राहतं. माणूस जाईल पण हार राहील!"

हे वाक्य मी बोलले. मी स्वतः, शुद्धीत, उभ्या मांडवात, होणाऱ्या व्याह्यांकडे बोट करून. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"आणि शिळी नाहीत हो फुलं! खोटं वाटत असेल तर भाऊंनाच विचारा, त्यांनीच तर उपटली आमच्या बागेतून!"

झालं! जे बोलायचं नव्हतं तेवढंच राहिलं होतं, तेही बोलून झालं.

"मी?" हरसिंगभाऊ म्हणाले. मांडवाच्या कडेला, कुंपणाजवळ, त्यांनी न काढलेला एक तुकडा शिल्लक होता. त्यात चार-दोन पिवळी फुलं उन्हात डुलत होती. त्यांनी तिकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. "म्हंजे त्या रविवारी... ते तण..."

"तण नव्हतं."

"फुलं होते?"

"आफ्रिकेची," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"अरे बाप्पा!" ते मटकन खुर्चीत बसले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. "मंग तुमी बोलल्या काहून नाई वो ताई?"

"कशी बोलू? तुम्ही इतक्या मायेनं निंदत होता! तुळस जळू नये म्हणून हातानं! आणि पोरीचं जुळत आलेलं. म्हटलं, फुलं काय, पुन्हा येतील. अशी माणसं कुठून आणू?"

मी नाक पुसलं. मग एक विचित्र आवाज आला. मला वाटलं सोनाबाई हुंदके देताहेत. पाहते तर पदर तोंडावर धरून त्या गदगदा हसत होत्या! बांगड्या वाजत होत्या. त्या नवऱ्याला गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या तांड्याच्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या. मला शब्द एक कळला नाही, पण बायको नवऱ्याला त्या सुरात जे म्हणते ते जगात कुठेही कळतं. तांड्याची सगळी मंडळी खो खो हसायला लागली. नायकांचा फेटा हलायला लागला.

"काय म्हणाल्या?" मी अविनाशला विचारलं.

"याडी म्हणते," याडी म्हणजे आई, तो डोळे पुसत म्हणाला, "लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीले गेले, तेव्हाही बाबा असेच बसले निंदायला. माझ्या आजीची सारी मेथी उपटून ठेवली होती. आजीनं त्याइले मरेपर्यंत भाजी म्हणून मेथीच वाढली."

"अन् त्याइच्यापुढं खुरपं ठेवलंच कायले?" सोनाबाई आता माझ्यावर ओरडत होत्या, हसत हसत. "लपवून ठेवाचं ना वो इहीनबाई!"

इहीनबाई! विहीणबाई म्हणाल्या त्या मला! मी रेवाकडे पाहिलं. रेवानं मान वर केली होती.

तेवढ्यात नायक खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, थांबा थांबा. हे पाह्य."

मांडवाच्या फटीतून उन्हाची तिरीप बरोबर हरसिंगभाऊंच्या छातीवर आली होती. हार वाळत होता. आणि एक फूल उघडत होतं. मग खालचं. मग त्याच्या शेजारचं. तपकिरी बोरांतून पिवळ्या पाकळ्या हळूहळू बाहेर वळत होत्या.

"जित्ते हाय!" नायक म्हणाले. "गळ्यात फुलून राह्यले!"

सगळा मांडव हरसिंगभाऊंभोवती जमला. बाया हात लावून पाहत होत्या, पोरं फोटो काढत होती, आमचे काकासुद्धा 'पाहा बुवा' म्हणाले, पण निराळ्या सुरात. ह्यांनी विज्ञान समजावायला तोंड उघडलं की यात जिवंतपणाचा काही संबंध नाही, वाळलं की पाकळी आपोआप वळते. मी त्यांच्या पायावर पाय दिला. काकूंनी तर जाहीरच केलं, "मी पानी मारलं म्हनून फुलले!"

हरसिंगभाऊ मात्र हलत नव्हते, एखादं फूल मोडेल म्हणून. कोणीतरी हार काढून ठेवायला गेलं तर त्यांनी हात धरला.

"राहू द्या. मीच उपटले, मीच घालतो. नाईतरी फोटोत जाच्या आधी घालून पाह्यला, बरा दिसते."

असा तो माणूस! मी डोळे पुसले, हसले, पुन्हा पुसले. विहिणीचा हार मी स्वतः सोनाबाईंच्या गळ्यात घातला. तो खर्रर्र वाजला आणि आम्ही दोघी जेवणाची हाक येईपर्यंत हसत होतो.

लग्न वैशाखात झालं, झेंडूच्या हारांनी. (या बाबतीत माझं मत कोणी विचारलं नाही.) रेवा सुखात आहे, हे मी आई म्हणून सांगत नाही, तिच्या आवाजात ऐकू येतं. हरसिंगभाऊंनी तो हार तांड्यावर, शेतातल्या गुरांच्या कोठ्याच्या दाराला टांगला. त्या फुलांच्या बियांना म्हातारीच्या केसांसारखे पिसारे असतात हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

यंदा थंडीत रेवाचा फोन आला. म्हणाली, "आई, अविनाशच्या बाबांच्या शेताच्या धुऱ्यावर पिवळं पिवळं उगवून आलंय. शेजारच्या शेतातही गेलंय. बाबा निंदूही देत नाहीत आणि फवारूही देत नाहीत. बायांना सांगतात, त्याले हात लावू नका, इहीनबाईचं हाय."

"किती गोड माणूस आहे गं!" मी म्हटलं.

"पुढचं तर ऐक. आता पूर्ण तांडा त्याला तेच म्हणतो."

काहींचं नाव शाळेला देतात, काहींचं चौकाला देतात. ढाणकीजवळच्या एका तांड्यावर 'इहीनबाई' नावाचं तण आहे, आणि कृषी केंद्रात येणारा प्रत्येक शेतकरी माझ्या व्याह्यांना विचारतो, "भाऊ, इहीनबाईवर काई औषध निंगालं का?"